प्रिंटरचा मध्यवर्ती कारभार : सोय आणि सावधगिरी

अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, अर्थात ‘सिसा’ने, १३ जुलै २०२१ रोजी तेथील केंद्र सरकारच्या नागरी खात्यांसाठी एक तातडीचा आदेश काढला. आपापल्या संगणक जाळ्यातील सर्व ‘डोमेन कंट्रोलर’वर चालणारी छपाईची सेवा दुसऱ्या दिवशी रात्री बारा वाजण्यापूर्वी बंद करावी, असे त्यात फर्मावले होते. ‘डोमेन कंट्रोलर’ हे नाव सर्वसामान्य वाचकाला अपरिचित असेल. संस्थेतील प्रत्येक कर्मचाऱ्याची, त्याच्या पासवर्डची आणि प्रत्येक संगणकाची नोंद सांभाळणारा मुख्य संगणक म्हणजे डोमेन कंट्रोलर.

प्रिंटरसारख्या यंत्रासाठी सरकारला आणीबाणीचा आदेश काढावा लागावा, ही गोष्ट चमत्कारिक वाटण्याजोगी आहे. कार्यालयात प्रिंटरइतके दुर्लक्षित यंत्र दुसरे नसेल. तो चालू असताना त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि बंद पडला की सारे कामकाज अडते. असे हे यंत्र सुरक्षेचा एवढा मोठा प्रश्न कसे झाले, हे समजून घ्यायचे तर मोठ्या संस्थांतील शेकडो प्रिंटर एका ठिकाणाहून कसे सांभाळले जातात, हे आधी पाहावे लागेल. बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, महाविद्यालये अशा ज्या ज्या ठिकाणी अनेक माणसे मोजके प्रिंटर वापरतात, तेथे ही व्यवस्था कमीअधिक प्रमाणात रुजलेली आहे. तिच्यामुळे फार मोठी सोय झाली, यात शंका नाही. मात्र सोयीबरोबर तिने कोणती जोखीम आणली, याची जाणीव बऱ्याच उशिरा झाली.

यंत्र एक, हात अनेक

प्रिंटर सामायिक असावा, ही कल्पना नवी नाही. किंबहुना लेसर प्रिंटर आणि संगणकांचे जाळे ही एकाच घरात वाढलेली भावंडे आहेत. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ मध्ये लेसर प्रिंटर प्रत्यक्ष चालवून दाखवला. त्याच केंद्रात १९७३ मध्ये बॉब मेटकाफ यांनी इथरनेट या जाळ्याची कल्पना मांडली. तो प्रिंटर प्रत्येकाच्या टेबलावर ठेवता येईल इतका लहान वा स्वस्त नव्हता. तो एका जागी ठेवावा आणि सर्वांनी आपापल्या संगणकावरून वापरावा, ही इथरनेटमागची एक प्रमुख प्रेरणा होती.

यंत्र सामायिक झाले की त्याचा पत्ता सर्वांना ठाऊक असावा लागतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी झेरॉक्सनेच त्यासाठी ‘क्लिअरिंगहाउस’ नावाची यंत्रणा तयार केली. जाळ्यातील माणसे, फाइलींचे सर्व्हर आणि प्रिंटर यांची नावे व ठिकाणे तीत नोंदलेली असत. त्याच दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ‘अथीना’ प्रकल्पात ‘हेसिऑड’ या सेवेकडून विद्यार्थ्यांच्या संगणकांना प्रिंटरची माहिती मिळू लागली. प्रिंटरची माहिती संगणकागणिक न लिहिता एकाच ठिकाणी लिहावी आणि संगणकाने ती तेथे विचारावी, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे.

या तत्त्वाची गरज का पडते, हे साध्या हिशेबाने कळते. पाच-सात संगणकांच्या कार्यालयात प्रत्येक संगणकावर हाताने प्रिंटर जोडता येतो. पण समजा, मुंबईत फोर्ट येथे मुख्य कचेरी आणि ठाणे व पुणे येथे शाखा असलेल्या एखाद्या कंपनीत ४०० संगणक आणि ४० प्रिंटर आहेत. प्रत्येक संगणकाला तीन प्रिंटर जोडायचे म्हटले तर १२०० जोडण्या होतात. एका जोडणीला दहा मिनिटे धरली तरी २०० तास लागतात, म्हणजे एका माणसाचे रोज आठ तासांप्रमाणे २५ दिवस. त्यातला एक प्रिंटर बदलला किंवा एखादा विभाग दुसऱ्या मजल्यावर गेला की पुन्हा धावपळ. शिवाय कोणाच्या संगणकावर काय जोडले आहे, याची खात्रीची यादी कोणाकडेच राहत नाही.

घरगुती प्रिंटरने यावर वेगळा तोडगा काढला आहे. अॅपलने २०१० मध्ये आणलेल्या ‘एअरप्रिंट’सारख्या पद्धतीत प्रिंटर स्वतःच जाळ्यात ‘मी येथे आहे’ अशी हाक देतो आणि फोन वा संगणक ती ऐकतो. घरात हे उत्तम चालते. मोठ्या कार्यालयाचे जाळे मात्र मजल्यांनुसार व शाखांनुसार तुकड्यांत विभागलेले असते आणि प्रिंटरची ही हाक सहसा एका तुकड्याच्या बाहेर जात नाही. शिवाय हाक ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो प्रिंटर वापरू द्यावा की नाही, हा प्रश्न उरतोच. तेथे नोंदवहीला पर्याय नाही.

डिरेक्टरी म्हणजे काय?

संगणकाच्या परिभाषेत या नोंदवहीला ‘डिरेक्टरी सर्व्हिस’ म्हणतात. टेलिफोन डिरेक्टरीत नाव शोधले की क्रमांक मिळतो. ही डिरेक्टरी त्याच्या पुढे जाते. कर्मचारी कोण, तो कोणत्या विभागात आहे, त्याचा पासवर्ड बरोबर आहे का, त्याला कशाकशाची परवानगी आहे, अशा प्रश्नांची उत्तरे ती देते. त्यामुळे तिला नोंदवही आणि पहारेकरी अशा दोन्ही भूमिका पार पाडाव्या लागतात.

अशा डिरेक्टरीचा ‘एक्स.५००’ हा आंतरराष्ट्रीय नमुना १९८८ मध्ये ठरला. तो वापरायला अवजड होता. म्हणून मिशिगन विद्यापीठातील टिम हाऊज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एलडॅप’ ही सुटसुटीत पद्धत तयार केली. तिचा पहिला मसुदा १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही बहुतेक डिरेक्टऱ्या याच भाषेत बोलतात. नॉव्हेल कंपनीने १९९३ मध्येच आपल्या ‘नेटवेअर’ प्रणालीत डिरेक्टरी आणली. फेब्रुवारी २००० मध्ये ‘विंडोज २०००’बरोबर मायक्रोसॉफ्टची ‘अॅक्टिव्ह डिरेक्टरी’ आली आणि पुढे कार्यालयांत तिचाच सर्वाधिक प्रसार झाला. मुक्त आज्ञावलींच्या जगात ‘साम्बा’ प्रकल्पाने डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या चौथ्या आवृत्तीत तिच्याशी जुळणारा डोमेन कंट्रोलर उपलब्ध करून दिला.

प्रिंटरची नोंद

अॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रिंटरची नोंद कशी होते, ते पाहू. जाळ्यातील एका संगणकाला ‘प्रिंट सर्व्हर’ केले जाते. प्रिंटर त्याला जोडून सामायिक केला आणि ‘डिरेक्टरीत दाखवा’ या पर्यायावर खूण केली की त्या प्रिंटरचे नाव, बनावट, रंगीत छपाई करतो की नाही, कागदाच्या दोन्ही बाजूंना छापतो की नाही, पाने टाचतो की नाही, असा तपशील डिरेक्टरीत जातो. कर्मचाऱ्याला प्रिंटरचे सांकेतिक नाव माहीत असण्याची गरज उरत नाही. ‘दोन्ही बाजूंना छापणारा रंगीत प्रिंटर’ असा शोध घेता येतो.

यातला ‘ठिकाण’ हा रकाना वरवर किरकोळ वाटतो, पण फार उपयोगी पडतो. ‘मुंबई/फोर्ट/तिसरा मजला’ अशा उतरत्या क्रमाने तो भरला आणि जाळ्याच्या प्रत्येक तुकड्याला त्याच पद्धतीने ठिकाण नेमून दिले, की कर्मचारी कोठे बसला आहे हे त्याच्या संगणकाच्या पत्त्यावरून ओळखून प्रणाली जवळचे प्रिंटर आधी दाखवते. पुण्याचा कर्मचारी दोन दिवसांसाठी फोर्टला आला तरी त्याला फोर्टचेच प्रिंटर दिसतात. हे रकाने एकसारख्या पद्धतीने भरले नाहीत, कोणी ‘मुंबई’ लिहिले आणि कोणी ‘बॉम्बे’, तर मात्र ही सारी सोय वाया जाते.

यादीत नोंद घालण्याइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे बंद पडलेल्या प्रिंटरची नोंद काढून टाकणे. मृत मतदारांची नावे मतदारयादीत वर्षानुवर्षे राहावीत तशी भंगारात गेलेल्या प्रिंटरची नावे डिरेक्टरीत राहू नयेत, यासाठी डोमेन कंट्रोलरवर एक छाटणी चालते. मूळ रचनेनुसार दर आठ तासांनी तो नोंदलेल्या प्रिंटरची चौकशी करतो. पहिल्या प्रयत्नानंतर आणखी दोनदा उत्तर मिळाले नाही तर नोंद पुसली जाते. हे काम डोमेन कंट्रोलरवरील छपाई सेवाच करते. वाचकांनी हा बारकावा लक्षात ठेवावा, कारण पुढील प्रकरणाची मेख येथेच आहे.

नियम एकदाच लिहायचे

नोंदवही तयार झाल्यावर येतात ते नियम. ‘ग्रुप पॉलिसी’ या सुविधेने नेटवर्क प्रशासक एकाच ठिकाणी नियम लिहितो की लेखा विभागातील सर्वांना दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर मिळावा आणि संचालकांच्या दालनातील प्रिंटर त्यांच्या कार्यालयाखेरीज कोणाला मिळू नये. कर्मचाऱ्याने सकाळी लॉगइन केले की प्रिंटर आपोआप जोडलेला असतो. दिवसभरातही संगणक साधारण दर ९० मिनिटांनी नवे नियम आले आहेत का, हे विचारतो. त्या ९० मिनिटांत शून्य ते ३० मिनिटांची वाढ मुद्दाम यदृच्छेने केलेली असते, म्हणजे शेकडो संगणक एकाच क्षणी सर्व्हरच्या दारात उभे राहत नाहीत.

पूर्वी हे काम लॉगइनच्या वेळी चालणाऱ्या हाताने लिहिलेल्या आज्ञांनी होत असे. २००५ च्या अखेरीस आलेल्या ‘विंडोज सर्व्हर २००३ आर-२’मध्ये प्रिंटरच्या व्यवस्थापनाचा स्वतंत्र फलक आला आणि ‘विंडोज सर्व्हर २००८’पासून विभाग, ठिकाण, संगणकाचा प्रकार अशा निकषांवर प्रिंटर वाटून देणे सोपे झाले. अनुभवी प्रशासक येथे एक पथ्य कसोशीने पाळतात. परवानगी व्यक्तीला द्यायची नाही, गटाला द्यायची. कर्मचारी लेखा विभागातून विक्री विभागात गेला की त्याचे नाव एका गटातून काढून दुसऱ्यात घालायचे. प्रिंटरला हात लावावा लागत नाही. नोकरी सोडून गेलेल्याचे खाते बंद केले की त्याचा प्रत्येक प्रिंटरवरचा हक्क त्याबरोबर संपतो.

दोन गैरसमज मात्र दूर व्हायला हवेत. पहिला असा की छापायचा मजकूर डिरेक्टरीतून जातो. तसे होत नाही. डिरेक्टरी केवळ पत्ता आणि परवानगी सांगते. मजकूर संगणकाकडून प्रिंट सर्व्हरकडे आणि तेथून प्रिंटरकडे जातो. शाखा दूर असेल तर हा हेलपाटा महाग पडतो, कारण पुण्यात लिहिलेले पत्र मुंबईच्या सर्व्हरवर जाऊन पुन्हा पुण्याच्या प्रिंटरवर येते. ‘विंडोज सर्व्हर २०१२’पासून अशा शाखांत संगणकाने थेट प्रिंटरला मजकूर द्यावा आणि सर्व्हरकडे केवळ व्यवस्थापन ठेवावे, अशी सोय झाली.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. यादीत दिसत नाही तो प्रिंटर सुरक्षित, असे अनेकांना वाटते. नोंद लपवणे आणि कुलूप लावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक कार्यालयीन प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, कोणतीही ओळख न विचारता मजकूर स्वीकारतात. प्रिंटरचा पत्ता ठाऊक असलेला माणूस प्रिंट सर्व्हरला आणि त्याच्या सर्व नियमांना वळसा घालून तेथे थेट छापू शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका अनामिकाने इंटरनेटवर उघडे राहिलेले असे प्रिंटर शोधून एका यूट्यूब वाहिनीची जाहिरात जगभर छापली. सुमारे ५० हजार प्रिंटरवर आपण ती पाठवली, असा त्याचा दावा होता. जाळ्यात प्रिंटरची वेगळी तुकडी करणे आणि तिच्यात केवळ प्रिंट सर्व्हरलाच प्रवेश देणे, हे यावरचे साधे उत्तर आहे.

दुभाष्याच्या वेषातील चोर

प्रिंटरला संगणकाची भाषा थेट समजत नाही. दोघांमध्ये ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली दुभाष्याचे काम करते. प्रत्येक कंपनीचा, कित्येकदा प्रत्येक नमुन्याचा ड्रायव्हर वेगळा. ४०० संगणकांवर तो हाताने बसवणे शक्य नसल्याने विंडोजमध्ये एक सोय फार पूर्वीपासून होती. कर्मचाऱ्याने सामायिक प्रिंटर निवडला की त्याचा ड्रायव्हर प्रिंट सर्व्हरवरून आपोआप उतरून संगणकात बसत असे. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड सहसा लागत नसे. मध्यवर्ती कारभाराची सारी सुबकता या एका सोयीवर उभी होती.

तिच्यातला धोका असा की ड्रायव्हर ही अखेर एक आज्ञावली आहे आणि विंडोजमध्ये छपाई सांभाळणारी ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा संगणकातील सर्वोच्च अधिकाराने चालते. ड्रायव्हरच्या नावाखाली दुसरेच काही तिच्या हाती देता आले तर ते त्याच अधिकाराने चालणार. याची पूर्वसूचना २०१० मध्येच मिळाली होती. इराणच्या नतान्झ येथील अणुप्रकल्पावर सोडण्यात आलेला ‘स्टक्सनेट’ हा विषाणू जाळ्यात पसरण्यासाठी ज्या वाटा वापरत होता, त्यांतील एक प्रिंट स्पूलरमधील त्रुटीची होती. मायक्रोसॉफ्टने ती सप्टेंबर २०१० मध्ये बुजवली.

अकरा वर्षांनी तीच सेवा पुन्हा चर्चेत आली. ८ जून २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने स्पूलरमधील एका त्रुटीवर दुरुस्ती दिली. आपण शोधलेली त्रुटी हीच असावी, अशा समजुतीने ‘सँगफोर’ या चिनी कंपनीच्या संशोधकांनी महिनाअखेरीस आपले प्रात्यक्षिक इंटरनेटवर खुले केले. चूक लक्षात येताच त्यांनी ते काढून घेतले, पण तोवर त्याच्या प्रती झाल्या होत्या. त्यांनी दाखवलेली त्रुटी त्या दुरुस्तीने बुजलेली नव्हती. ‘प्रिंटनाइटमेअर’, म्हणजे छपाईचे दुःस्वप्न, या नावाने ती जगभर गाजली. जाळ्यातील कोणताही साधा कर्मचारी, किंवा त्याचा पासवर्ड चोरणारा, दूरच्या संगणकावरील स्पूलरला ‘हा नवा ड्रायव्हर बसव’ असे सांगून आपली आज्ञावली सर्वोच्च अधिकाराने चालवू शकत होता.

येथे डोमेन कंट्रोलरचा मुद्दा येतो. स्पूलर ही सेवा विंडोजमध्ये मुळातच चालू ठेवलेली असे, डोमेन कंट्रोलरवरही. त्या संगणकाला प्रिंटर जोडलेला नसतो, त्यावरून कोणी काही छापत नाही. छपाई सेवेचे तेथे मुख्य काम उरते ते मघाशी पाहिलेल्या छाटणीचे. बंद पडलेल्या प्रिंटरची नावे पुसण्याच्या या किरकोळ कामासाठी संस्थेच्या सर्व खात्यांच्या व पासवर्डच्या नोंदी ज्या संगणकात, त्याचे एक दार कायम उघडे होते. तो संगणक हाती आला की हल्लेखोराला प्रिंटरची गरजच उरत नाही. सगळी संस्थाच त्याच्या ताब्यात येते. अमेरिकी यंत्रणेने आदेशात नेमके डोमेन कंट्रोलर का निवडले, याचे उत्तर हे आहे.

सोय आखडली

मायक्रोसॉफ्टने ६ जुलै २०२१ पासून नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्त्या दिल्या. जानेवारी २०२० मध्ये आधार संपलेल्या ‘विंडोज ७’लाही त्यातून वगळले नाही, यावरून प्रसंगाचे गांभीर्य कळावे. १० ऑगस्टच्या दुरुस्तीने तर मूळ सोयच आखडती घेतली. सामायिक प्रिंटरचा नवा ड्रायव्हर बसवायला यापुढे प्रशासकाचा अधिकार लागेल, असा नियम झाला.

साहजिकच त्याची झळ कार्यालयांना बसली. काल निमूट जोडला जाणारा प्रिंटर आज प्रशासकाचा पासवर्ड मागू लागला. सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर काही ठिकाणी प्रिंट सर्व्हरशी जोडणीच होईना. वैतागलेल्या काही प्रशासकांनी दुरुस्त्या काढून टाकल्या किंवा जुना नियम परत लागू केला. छपाई सुरू झाली, पण दारही पुन्हा उघडे झाले. बिले, पावत्या, रुग्णांचे अहवाल अडले की ते सुरू करण्याचा दबाव तत्काळ येतो. उघड्या दाराबद्दल मात्र कोणी तक्रार करत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिलेल्या माहितीनुसार, विंडोजमधील सुरक्षाविषयक तक्रारींपैकी नऊ टक्के आधीच्या तीन वर्षांत छपाईशी निगडित होत्या. रोजच्या वापरातील एका साध्या सुविधेच्या मानाने हे प्रमाण मोठे आहे.

प्रिंटरच्या पोटातील पासवर्ड

धोक्याची दुसरी दिशाही आहे. आजचे बहुउद्देशीय प्रिंटर कागद स्कॅन करून थेट ई-मेलने पाठवतात. पत्ता शोधण्यासाठी ते डिरेक्टरीला प्रश्न विचारतात आणि त्यासाठी डिरेक्टरीतील एक खाते व पासवर्ड प्रिंटरमध्ये साठवलेला असतो. प्रिंटरचे नियंत्रण पान ब्राउझरमधून उघडते आणि कारखान्यातून आलेला त्याचा पासवर्ड अनेक ठिकाणी कोणी बदललेलाच नसतो. तेथे शिरलेल्या माणसाला साठवलेला पासवर्ड दिसत नाही, मात्र ‘डिरेक्टरीचा पत्ता’ हा रकाना बदलता येतो. त्यात स्वतःच्या संगणकाचा पत्ता घातला की प्रिंटर भोळेपणाने तो पासवर्ड त्याच्याकडे पाठवून देतो.

ही युक्ती सुरक्षा तज्ज्ञांना बरीच वर्षे ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘रॅपिड७’ या कंपनीने झेरॉक्सच्या ‘व्हर्सालिंक’ मालिकेतील एका प्रिंटरमध्ये ती चालते, हे दाखवले. उत्पादकाने त्यावर दुरुस्तीही दिली. एखाद्या संस्थेने घाईघाईत प्रशासकाचेच खाते प्रिंटरला देऊन ठेवले असेल, तर कोपऱ्यातल्या त्या यंत्राच्या पोटात सगळ्या कचेरीची किल्ली पडून असते.

ड्रायव्हरविना छपाई

ड्रायव्हर हाच दुबळा दुवा असेल तर तो काढूनच टाकावा, या दिशेने आता वाटचाल सुरू आहे. तिचा पाया ‘इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल’ने घातला. १९९९ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि २०१८ मध्ये त्याला पूर्ण इंटरनेट मानकाचा दर्जा मिळाला. या पद्धतीत प्रिंटर स्वतःच आपली क्षमता सांगतो आणि संगणक सर्वमान्य स्वरूपात तयार झालेले पान त्याला देतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दुभाष्यांची गरज उरत नाही. लिनक्स व मॅकमध्ये छपाई सांभाळणारी ‘कप्स’ ही मुक्त प्रणाली याच पद्धतीवर उभी आहे.

मराठी वाचकांसाठी यात एक समाधानाची बाब आहे. एकेकाळी प्रिंटरच्या अंगभूत अक्षरांत देवनागरी नसल्याने पुण्याच्या ‘सी-डॅक’ने प्रसारित केलेल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानासारखी खास सोय करावी लागे. नव्या पद्धतीत जोडाक्षरे व वेलांट्या जुळवण्याचे काम संगणकच पूर्ण करतो आणि प्रिंटरकडे पान चित्ररूपाने किंवा अक्षरसंचासह जाते. त्यामुळे लिपी कोणती, याच्याशी प्रिंटरला कर्तव्य राहत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरना विंडोज अपडेटमधून मिळणारा आधार टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे जाहीर केले. २०२४ मध्ये ‘विंडोज ११’च्या नव्या आवृत्तीत असे ड्रायव्हर पूर्णपणे नाकारणारी एक ऐच्छिक संरक्षित पद्धतही आली. ‘मोप्रिया’ या उत्पादकांच्या संघटनेचे प्रमाणपत्र असलेले प्रिंटरच तीत चालतात. मार्च २०२१ मध्ये खुल्या झालेल्या ‘युनिव्हर्सल प्रिंट’ सेवेत तर प्रिंट सर्व्हरच कार्यालयातून उठून मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये गेला आहे. नोंदवही तेथेही लागतेच. मात्र अशा सेवांवर विसंबताना गुगलची ‘क्लाउड प्रिंट’ सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली आणि तिच्या ग्राहकांना दुसरी वाट शोधावी लागली, हेही ध्यानात ठेवायला हवे.

कार्यालयांनी काय करावे?

या साऱ्याचा अर्थ मध्यवर्ती कारभार नको, असा नाही. ४० प्रिंटरची जबाबदारी ४०० कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर सोडणे अधिक धोक्याचे आहे. मात्र नोंद एकत्र असावी आणि अधिकार विभागलेले असावेत, हे सूत्र पाळावे लागेल. त्या दृष्टीने पुढील गोष्टी प्रत्येक संस्थेने तपासून पाहाव्यात.

• डोमेन कंट्रोलरवरची छपाई सेवा बंद करावी. जुन्या प्रिंटरची नावे पुसण्याचे काम प्रशासकाने ठरावीक मुदतीने हाताने करावे. ज्या सर्व्हरवरून छपाई होत नाही, तेथेही ही सेवा चालू ठेवू नये.

• प्रिंट सर्व्हर स्वतंत्र असावा. त्यावर मोजकेच, तपासलेले ड्रायव्हर ठेवावेत आणि कर्मचाऱ्यांच्या संगणकांनी त्याच सर्व्हरवरून ते घ्यावेत.

• प्रिंटरना जाळ्यात वेगळी तुकडी द्यावी. नियंत्रण पानाचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

• प्रिंटरला डिरेक्टरीतील खाते द्यायचेच असेल तर ते केवळ पत्ते वाचण्यापुरते असावे.

• परवानग्या गटांना द्याव्यात आणि नावे व ठिकाणे लिहिण्याची एकच पद्धत ठरवावी.

• वेतन, वैद्यकीय अहवाल अशा खासगी कागदांसाठी प्रिंटरपाशी ओळखपत्र दाखवल्यावरच पान बाहेर येईल, अशी सोय करावी. ट्रेमध्ये बेवारस पडलेल्या कागदापुढे डिरेक्टरीचे सर्व नियम निष्प्रभ ठरतात.

यातील बहुतेक उपायांना नवी यंत्रे लागत नाहीत. लागते ती थोडी शिस्त आणि अर्ध्या दिवसाची पाहणी. संस्थेत प्रिंटर किती, त्यांचे ड्रायव्हर कोणी बसवले आणि त्यांच्या पोटात कोणाचे पासवर्ड आहेत, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या कार्यालयाकडे नाहीत, त्याने पाहणीची सुरुवात येथूनच करावी.